पानामागे चार रुपये

पहिल्या कॅसेटवरून टाइप केलेली अकरा पानं मी साहेबांना पाठवली, तेव्हा त्यातल्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'दगड' हा शब्द होता. 'सदर खाचर गावाच्या उत्तरेस असून त्यास रुसकी असे म्हणतात दगड.' असं सगळं. टाइप करताना मला ते विचित्र वाटत होतं, पण कॅसेटवरचा माणूस चांगला ठासून दगड म्हणत होता, आणि विषय शेतांचा होता. मी म्हटलं, असतील तिथे दगड.

आठवड्यानं इनलँड आलं. अक्षर थरथरतं, पण भाषा कचेरीतली. 'बाई, आपले टंकलेखन सुबक आहे. मात्र दगड म्हणजे पूर्णविराम. मोजणीत एक बाजू संपली की तेथे दगड पुरतात, त्यामुळे तोंडात बसले आहे. नवीन गट म्हणजे नवीन परिच्छेद. चूक माझी. अकराही पाने कृपया पुन्हा टाइप करावीत.'

मी ते पत्र नवऱ्याला वाचून दाखवलं. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो होतो.

ही नव्वदनंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. साहेब म्हणजे सरकारी मोजणी खात्यातले निवृत्त मोजणीदार. मूळचे नेवाशाकडचे, पण नोकरीची तीस वर्षं अकोले तालुक्याच्या डोंगरात काढली आणि निवृत्त झाल्यावर राजूरच्या पुढे एका गावात तिथेच राहिले. लग्न केलं नव्हतं. विधवा मोठी बहीण घर सांभाळायची, तिला सगळे आक्का म्हणत. साहेबांना गावोगावचे लोक मोजणीसाहेब म्हणायचे. मी नगरला सावेडीत राहायची. नवरा एमआयडीसीत फिटर, मुलगी चार वर्षांची. घरी एक जुना मराठी टाइपरायटर होता, त्यावर मी वकिलांचे दावे आणि कॉलेजच्या मुलांचे प्रबंध टाइप करायची. साहेब एका दाव्यात साक्षीला नगरला आले होते. तिथल्या वकिलांकडे माझं काम पाहून त्यांनी पत्ता नेला. मी तेव्हा तिथे नव्हते, त्यामुळे भेट झाली नाही.

काम ऐकायला सोपं होतं. चाळीस गावांतल्या शेतांची नावं. सरकारी कागदावर शेताला गट नंबर असतो, पण घरात कुणी नंबर बोलत नाही. वावराला नाव असतं, भाताच्या खाचराला असतं, ओढ्याच्या वळणालाही असतं. ती नावं, ती कशी पडली त्यासकट, साहेबांनी नोकरीभर गोळा केली होती. थोडी वहीत, बाकीची डोक्यात. सलग लिहिणं त्यांना होत नव्हतं, चार ओळींनंतर हात थरथरायचा. म्हणून त्यांनी टेपरेकॉर्डर घेतला. ते तिकडे बोलायचे, कॅसेट नगरच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे, मी ती तारकपूर स्टँडवरून आणायची, आणि टाइप झालेली पानं व कॅसेट पुन्हा त्याच गाडीनं परत जायची. आम्ही एकमेकांना न बघता दोन वर्षं असं काम केलं.

सुरुवातीलाच मी त्यांना दर कळवला होता. पानामागे चार रुपये. नगरमध्ये तेव्हा तेवढाच होता. त्यांचं उत्तर आलं, 'पानावर नको. मी जन्मभर मोजून पोट भरले, आता बोलणे मोजण्याची इच्छा नाही. दरमहा एकरकमी दीडशे घ्यावेत. कधी एक कॅसेट येईल, कधी चार. आपणांस तोटा वाटल्यास कळवावे.'

तेव्हा घरात ठरलेले दीडशे रुपये दर महिन्याला येणं ही मोठी गोष्ट होती. मी हो म्हटलं.

त्यांच्या कॅसेट ऐकणं हे एक प्रकरणच होतं. आधी खाकरणं, मग, "बाई, नमस्कार. आज वारा आहे, तेव्हा आवाज फाटंल." मग मला विचारायचे, "मुलीचा खोकला कसा आहे?" आणि गप्प व्हायचे. पाच-सहा सेकंद. मी उत्तर देतेय आणि ते ऐकताहेत, अशा हिशेबानं. मग, "बरं, बरं. अडुळशाचा काढा द्या," म्हणून पुढे. मुलगी टेपजवळ खेळत असली की त्या सहा सेकंदांत खरंच सांगायची, "बरी आहे आजोबा!" आणि पलीकडून "बरं, बरं" आलं की टाळ्या पिटायची. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की ते तिचं ऐकतात.

मजकूर सांगायला लागले की त्यांची भाषा एकदम सरळ ताठ उभी राहायची. 'सदर', 'उपरोक्त', 'लगत'. मध्येच तीच वाकायची. "उपरोक्त खाचराचे पूर्वेस ओढा असून... ए आक्के, ती शेळी बांध की! पार वहीला लागली! ...ओढा असून तो बारमाही नाही दगड." आक्कांचं उत्तरही यायचं, "तूच बांध, माजे हात पिठाचे हायेत." हे टाइप करायचं नसतं एवढं मला कळत होतं, पण एकदा शेळी पानात गेलीच. त्यावर त्यांनी लिहिलं, 'पान सत्तावीसवरील शेळी काढावी.'

रुसकीची हकिकत पहिल्याच कॅसेटवर होती. त्या खाचरात पाणी भरलं की निघून जायचं, कितीही बांध घाला. सासरी न टिकणाऱ्या पोरीसारखं, म्हणून रुसकी. 'कावळ्याचा न्याव' नावाचं एक वावर होतं. दोन भावांचा बांधावरून वाद. शेवटी ठरलं, सकाळी पहिला कावळा जिथे बसेल तिथे हद्द. दोघं पहाटेपासून जाऊन बसले, आणि कावळा बसला तो थोरल्याच्या पागोट्यावर. आता थोरला उठला तर हद्द कुठली? धाकट्यानं त्याला जागचं हलूच दिलं नाही, तिथेच जेवू घातलं, आणि माणूस आणून त्याच्या बुडाखाली दगड पुरला. साहेबांनी हे सांगायला अर्धी कॅसेट घेतली. कावळा कसा आला, थोरला कसा श्वास धरून बसला, त्याची बायको लांबून कशी ओरडत होती. मधे मधे स्वतःच हसायचे आणि मला सांगायचे, "हसणे टाइप करू नये."

त्यांनी हे सगळं का गोळा केलं, तेही एकदा बोलता बोलता आलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गावात मुक्काम पडला. साहेब कुठल्या समाजातले हे गावाला आधीच कळलं होतं, त्यामुळे कुणी जागा दिली नाही. चावडीच्या पायरीवर बसले असताना एक ठाकराची म्हातारी आली आणि म्हणाली, "आमच्या पडवीत चल." दुसऱ्या दिवशी मोजणीला निघाले तर तीच पुढे चालली आणि दर शेताचं नाव सांगत गेली. "तिने मला भाकर दिली व सोबत चौदा नावे दिली," असं साहेबांनी सांगितलं, आणि मग कॅसेट बराच वेळ नुसती फिरत राहिली. त्यात शेळीचा आवाज होता, भांड्यांचा होता. मी पॉझचं बटण दाबायला विसरले होते.

पहिल्या सहा गावांची तीनशेवर पानं झाली.

आणि मग माझी बोटं दुखायला लागली. महिन्याला एक-दोन कॅसेट यायच्या त्या पाच-सहा यायला लागल्या. साहेबांना बोलायची सवय झाली होती. एक कॅसेट ऐकून, थांबवून, मागे नेऊन टाइप करायला मला तीन-चार दुपारी लागायच्या. वकिलांची कामं मागं पडू लागली. त्यातच नवऱ्याच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला, आणि जूनमध्ये मुलीला बालवाडीतून शाळेत घालायचं होतं.

एका रविवारी नवऱ्यानं महिन्याची पानं मोजली. "शंभर पानं. पानाला दीड रुपया पडतो तुला. रिबन, कार्बन, कागद तुझाच. एक रुपयासुद्धा सुटत नाही."

"म्हातारा माणूस आहे," मी म्हटलं.

"म्हातारा आहे म्हणून फुकट करायचं का? त्यांनीच लिहिलंय, तोटा वाटला तर कळवा. कळव की."

त्याचं काही चुकत नव्हतं. मी पत्र लिहिलं. चार वेळा कच्चं केलं, पाचव्यांदा पक्कं. मला ते अजून जवळजवळ पाठ आहे. पुढल्या महिन्यापासून पानामागे चार रुपये धरावेत. कॅसेट ऐकण्यातच दुप्पट वेळ जातो. तरी मजकुरापुरतंच बोललात तर दोघांच्याही सोयीचं होईल.

हे शेवटचं वाक्य नवऱ्यानं सांगितलं नव्हतं. ते माझं होतं.

उलट टपाली कार्ड आलं. 'आपले म्हणणे रास्त आहे. मला आधीच समजावयास हवे होते. पुढील महिन्यापासून पानावर.'

त्यानंतरची पहिली कॅसेट मी लावली. खाकरणं झालं आणि लगेच, "गाव सातवे. गट एक. नाव, खडकी. गट दोन. नाव, चोरआंबा." नमस्कार नाही, वारा नाही. मुलीचा खोकला नाही. मुलगी जवळच बसून वाट बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "आजोबा आज घाईत आहेत?" मी हो म्हटलं.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. काम भराभर व्हायला लागलं. एका दुपारी एक बाजू संपायची. महिन्याला सदतीस-अडतीस पानं भरायची, बिल दीडशेच्या आसपासच व्हायचं, म्हणजे पैसे तेवढेच आणि मेहनत निम्म्याहून कमी. बिल दर महिन्याला दीडशेच्याच आसपास का येतं, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. उलट मी त्यांना लिहिलं, 'आता मजकूर फार नीट येतो. असाच यावा.' नव्या विद्यार्थ्याला शाबासकी द्यावी तसं.

त्यावर त्यांचं काहीच उत्तर आलं नाही. पुढची कॅसेट मात्र वेळेवर आली.

साधारण वर्षभरानं, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही तिघं भंडारदऱ्याला गेलो. वाटेवर त्यांचं गाव, म्हणून उतरलो. मी साहेबांना प्रथम पाहिलं ते त्यांच्या अंगणात. माझ्या डोळ्यांपुढे उंच, धिप्पाड माणूस होता. प्रत्यक्षात बुटके, काटकुळे, डोक्यावर खाकी टोपी, हातात छत्री. त्या छत्रीच्या दांड्यावर फूट-इंचांच्या खुणा कोरलेल्या. मला पाहून ते फाटकापासून ओट्यापर्यंत आमच्यापुढे चालले आणि म्हणाले, "बावीस पावलं. माझं पाऊल अडीच फुटांचं. तुम्ही पंचवीस घेतलीत." हे त्यांचं 'या या, बसा' होतं.

घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली टाइप केलेल्या पानांची चळत, वर प्लॅस्टिकचा कागद. टेपरेकॉर्डर टेबलावर, शेजारी मनगटी घड्याळ काढून ठेवलेलं. मुलीनं त्यांना विचारलं, "तुम्ही आता माझा खोकला का विचारत नाही?" नवऱ्यानं तिला गप्प केलं. साहेब एवढंच म्हणाले, "इचारायचा राहतो खरा. कसा हाय?" आणि ती सांगत असताना मान खाली घालून पूर्ण ऐकलं.

चहा करायला आक्का आत गेल्या, मीही मागे गेले. चुलीपुढे बसून त्या म्हणाल्या, "तुमच्यापायी लई शिस्त लागली ह्याला."

"कसली?"

"आदी बोलत बसायचा घंटा घंटा. बायामानसं दारात यून ऐकायची, हसायची. आता न्हाई. आता वही घिऊन बसतो, आदी समदं खुणंनं लिवतो, मग खोडतो. घड्याळ लावून बोलून बघतो. जास्ती झालं की परत खोडतो. म्या म्हनलं, का रं खोडतो एवढं? तर म्हनतो, पान वाढंल."

माझ्या हातात कपबशा होत्या, त्या मी खाली ठेवल्या.

"पेन्शनीत दीडशाच्या वर बसत न्हाई," आक्का सांगत होत्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "औषदं हायेत, ब्लडप्रेशर हाय त्याला. म्या म्हनलं, मग दमानं कर, दोन गावं कमी घे. तर म्हनतो, चाळीस गावं पुरी व्हायाच पायजेत. एकाचं घेतलं आन दुसऱ्याचं न्हाई घेतलं तर ते गाव काय म्हनंल?"

मी बाहेर आले. साहेब नवऱ्याला छत्रीनं पडवीची लांबी मोजून दाखवत होते. मी म्हटलं, "साहेब, कॅसेटवर थोडं मोकळं बोला ना. आधीसारखं."

ते म्हणाले, "बाई, मोकळं बोललेलं तुमच्या बोटांवर पडतं. मला आधी कळलं नव्हतं. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत." त्यात रागाचा लवलेश नव्हता. रुसवा असता तर मला काही तरी बोलता आलं असतं.

"पण त्या हकिकती..."

"नाव राहिलं म्हणजे झालं. हकिकत नावाच्या आत असतेच."

माझ्या ओठांवर आलं होतं की पुन्हा महिन्यावर करू. पण आकडा कोणता सांगायचा? दीडशे म्हटलं तर मी पुन्हा होते तिथेच. शाळेची फी सुरू झाली होती, आणि शेजारी नवरा उभा होता. अडीचशे म्हटलं तर पेन्शनीत बसत नाही हे नुकतंच ऐकलं होतं. काहीच नको म्हटलं तर हा माणूस माझ्याकडे एक कॅसेट पाठवणार नाही, हे मला त्यांना पाहून तासाभरात कळलं होतं. मी ठरवलं, घरी जाऊन नीट विचार करून लिहीन. नवरा एसटीच्या वेळेची घाई करत होता. आम्ही निघालो. साहेब फाटकापर्यंत आले. पुन्हा बावीस पावलं.

घरी आल्यावर मी नीट विचार केला. हेच माझं चुकलं. दोन दिवसांत होणाऱ्या पत्राला मी चार महिने लावले. कधी दोनशे लिहायची आणि वाटायचं, ही वाढ मागतेय असं समजतील. कधी एकशे पंचाहत्तर. कधी वाटायचं, पानावरच ठेवू, पण दर दोन रुपये करू. मग नवऱ्याला काय सांगायचं? एकदा वाटलं, हकिकतींची पानं बिलात धरायचीच नाहीत, पण हा माणूस पानं मोजल्याशिवाय राहील? तो तर जन्मभर मोजतच आला होता. दर वेळी कच्चा कागद फाडायची आणि आलेली कॅसेट लावायची. "गाव एकतिसावे. गट एक." मी टाइप करायची. टाइप झाली की कॅसेट परत, आणि तीच कॅसेट पुसून त्यावर पुढचं गाव. कावळ्याच्या न्यावाची कॅसेटही अशीच कधीची पुसली गेली होती. ते हसणं मीच टाइप केलेलं नव्हतं.

शेवटी फेब्रुवारीत मी नवऱ्याला सगळं सांगितलं. आक्का चुलीपुढे काय म्हणाल्या तेही. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला तिथेच का नाही सांगितलंस? वेडी आहेस का? लिही दोनशे. नाही जमलं त्यांना तर दीडशे लिही. लिही तर खरं."

मी त्याच दुपारी लिहिलं. महिन्याला दोनशे, जमतील तेव्हा, आणि हवं तेवढं बोला. झालेल्या गावांच्याही हकिकती पुन्हा सांगा, मी त्या त्या जागी घालीन. आणि वारा किती आहे तेही सांगत जा.

उत्तर दहा दिवसांनी आलं. अक्षर अनोळखी होतं. गावच्या शाळेतल्या बाईंनी आक्कांच्या सांगण्यावरून लिहिलं होतं. साहेबांना अर्धांगवायूचा झटका आला. संगमनेरला दवाखान्यात आठ दिवस ठेवलं, आता घरी आणलं आहे. उजवी बाजू गेली आहे. माणसं ओळखतात, सगळं कळतं. बोलता येत नाही.

पुढच्या रविवारी मी एकटीच गेले. सकाळची गाडी, संगमनेरला बदलली, दुपारी पोचले. साहेब पडवीत खाटेवर होते. टोपी नव्हती, त्यामुळे क्षणभर ओळखू आले नाहीत. मला पाहून त्यांनी डावा हात उचलला आणि तोंड उघडलं. आवाज आला, शब्द आला नाही. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग स्वतःच मान हलवून थांबले.

आक्का म्हणाल्या, "तुमचं पत्र बाईनं वाचून दावलं. डोळं मिटून ऐकत हुता. मग हातानं मागितलं. उशाखाली हाय." मग आत जाऊन त्यांनी एक पाकीट आणलं. "हे तुमचं. मागच्या बत्तीस पानांचं."

"आक्का, हे नको."

"घ्या. त्यानंच बोटं दावून मोजाया लावलं. न्हाई घेतलं तर आता भांडता बी यायचं न्हाई त्याला."

साहेब माझ्याकडे बघत होते. मी पाकीट घेतलं. एकशे अठ्ठावीस रुपये. मी आयुष्यात बरेच पैसे कमावले, बरेच गमावले, पण इतकं जड पाकीट हातात धरल्याचं आठवत नाही.

झालेल्या सदतीस गावांच्या कार्बन प्रती मी सोबत नेल्या होत्या. काय करावं सुचेना, म्हणून खाटेजवळ बसून वाचायला लागले. सातव्या गावापासून, कारण हकिकती तिथून गेल्या होत्या. "खडकी. चोरआंबा. म्हसोबाचं टेकाड." साहेबांनी डोळे मिटले, आणि मग एक एक नाव आलं की त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी व्हायचं. कुठे भुवई उडायची, कुठे डावा हात हवेत वळण घ्यायचा, ओढा वळतो तसा. एका नावाला त्यांनी जोरजोरात मान हलवली, नाही, नाही असं. टाइप चुकलं होतं की त्यामागचं काही आठवलं, मला कळलं नाही. सगळं त्यांच्याजवळ होतं. मी वाचत होते आणि ते बघत होते.

एकोणिसाव्या गावात एक नाव आलं. "मास्तरउडी."

साहेब हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग तोंड वाकडं करून, घशातून आवाज काढत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. खाट करकरायला लागली. ते माझ्याकडे बघायचे, हातानं काही तरी दाखवायचे, वर, मग एकदम खाली, मग दोन बोटं नाचवायचे, आणि पुन्हा हसायचे. त्यांना मला सांगायचं होतं. मीही त्यांच्याबरोबर हसत होते, काही न कळता.

"आक्का, कसली उडी? कुठला मास्तर?"

आक्का दारात उभ्या होत्या. "म्या न्हाई ऐकली कदी," त्या म्हणाल्या. "आदी ऐकवली असती समद्यांला."

मी पान उलटलं नाही. ते हसून दमले, आणि मग त्यांना झोप लागली.

साहेब पावसाळ्याच्या तोंडाला गेले. मला आठवड्यानं कळलं. राहिलेली तीन गावं राहिलीच. सदतीस गावांच्या मी दोन प्रती बांधून घेतल्या, एक आक्कांना दिली, एक तालुक्याच्या वाचनालयात. कुणी चाळलीच, तर त्याला वाटेल, पहिल्या सहा गावांत फार गमतीची माणसं राहत असावीत आणि पुढच्या एकतीस गावांत कुणीच नाही.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी एकोणिसाव्या गावाला गेले. जीपनं, मग पायी. मास्तरउडी म्हटल्यावर लगेच एक माणूस पुढे झाला. वावर त्याचंच होतं.

"हीच मास्तरउडी," त्यानं दाखवलं. खाली एक ओढा होता, कोरडा. वर भाताच्या कापणीनंतरचं मोकळं खाचर.

"हे नाव कसं पडलं?"

"लई जुनं हाय. आमच्या आज्यानं मोजणीसायबाला सांगितल्तं, दोघं हितंच बसून हसत हुते म्हनं दिवसभर. आज्याला जाऊन लई वर्सं झाली." त्यानं जरा विचार केला. "सायबाला इचारा की. राजूरकडं ऱ्हात्यात. त्येन्ला समदं ठावं हाय."

साहेब गेले हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो "अरारारा" म्हणाला आणि टोपी काढून उभा राहिला.

मी कडेपर्यंत जाऊन खाली पाहिलं. कडा पुरुषभरही उंच नव्हता. तिथून उडी मारण्यात एवढं हसण्यासारखं काय असेल, ते मला अजून कळलेलं नाही.